अकरा नंबरचा शिक्का

१

बारा टॅग टेबलावर ओळीने मांडून नलिनी रेडकर कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. पुठ्ठ्याचे पांढरे टॅग, पिनांच्या प्रत्येक खोक्याला एक. प्रत्येकावर लॉटचा नंबर, खोक्यातल्या वीस पिनांची वीस मापं, उजव्या कोपऱ्यात तारीख आणि तारखेवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का. शिक्क्यात आकडा अकरा.

तारीख तेरा मार्चची होती. अकरा नंबरचा शिक्का ज्यांचा होता ते तपासनीस काशीराम घाडी नऊ मार्चलाच वारले होते.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत ‘अनुरेखा कंपोनंट्स’ हा लहानसा कारखाना होता. लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पोलादी पिना इथे बनत. त्या विकत घेणाऱ्या लिफ्ट कंपनीत नलिनी मालाची गुणवत्ता बघायची. गेल्या आठवड्यात कंपनीच्या चाचणीच्या मनोऱ्यात एक रिकामी लिफ्ट ब्रेक लावूनही हातभर खाली सरकली. नशिबाने खाली कोणी नव्हतं. पिना काढून मोजल्या तर दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस बारीक भरल्या.

“सरळ केस आहे, मॅडम,” मालक नंदकिशोर समोर उभे राहून म्हणाले. “शिक्का काशीरामच्या ड्रॉवरमध्ये असायचा. आता नाही. ड्रॉवर उघडणारं दुसरं माणूस एकच, त्याची असिस्टंट दीप्ती खरात. सोमवारी मी पोलिसात देतोय.”

“ती काय म्हणते?”

“काहीच नाही. रडते.”

नलिनीने मान हलवली. एकोणीस वर्षांची असताना ती याच तपासणीच्या खोलीत कामाला लागली होती, घाडीदादांच्या हाताखाली. जाडी मोजायचा मायक्रोमीटर कसा धरायचा, पिनेवर तो किती हलका टेकवायचा, हे त्यांनीच शिकवलं. एकतीस वर्षांत त्यांच्या शिक्क्याचा एक लॉट परत आला नव्हता. काल फोनवर त्यांची बायको सुनंदा एवढंच म्हणाली होती, “नलू, यांच्या नावाला काही लागू देऊ नकोस गं.”

नलिनीने शब्द दिला होता. आणि शब्द पाळणं सोपं दिसत होतं. मेलेला माणूस शिक्का मारत नाही. म्हणजे दादा सुटले.

तरीही तिने पहिला टॅग उचलून पुन्हा उजेडात धरला.

२

प्रॉडक्शन मॅनेजर हर्षद व्होरा घाईतला माणूस होता. बोलतानाही त्याचं एक बोट मोबाइलवर फिरत होतं.

“आमची वाट लागली मॅडम, दुसरं काय! ग्राइंडिंगवाला गावाला गेलेला. मीच मशीन सेट केलं. मानतो, माप थोडं खाली गेलं असेल. पण म्हणून तर तपासणी असते ना?”

“तुमच्या मालावर शिक्का मारायचा अधिकार घाडींशिवाय कोणाला होता?”

“कोणालाच नाही. दीप्तीची परीक्षा व्हायची होती.”

“व्हायची होती म्हणजे?”

“दोनदा पुढे ढकलली. टाइम कोणाला आहे?”

“घाडी नऊला गेले. तेराला माल पाठवताना शिक्का कोणाचा, हे तुम्ही बघितलं नाहीत?”

हर्षदचं बोट थांबलं. “मी आकडे बघतो, मॅडम. डिस्पॅचचे.”

डिस्पॅचला धोंडू तांबे होता. साठीला टेकलेला, मालवणकडचा, काशीरामांच्या जोडीनेच कारखान्यात आलेला. त्याने नलिनीला ओळखलं, स्टूल पुसून दिलं आणि चहा ओतला.

“पूर्ण भर की रे, धोंडूदादा. अर्धा काय देतोस?”

“सवय, बाय. काशीरामाक मी अर्धोच देय. चार महिने झाले. म्हणा, ‘धोंडू, अर्धोच घाल, दोनदा घाल.’ म्हातारपणाची थेरां!” तो हसला आणि किटली खाली ठेवली. “आता कोणाक घालू?”

नलिनीने तेराच्या मालाचं विचारलं.

“टॅग बांधलेले होते, शिक्को होतो. माका वाटला, आधी तपासून ठेवलेलो माल असतलो. तारीख कोण वाचता? अकरा नंबर दिसलो की आमी गाडीत घालू. एकतीस वर्सां तेच केला.”

“शेवटी शेवटी ते कसे होते रे? काही वेगळं?”

धोंडूने मान खाली घातली. “जानेवारीत एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हयसून जाय होतंय. आत खण्णकन कायतरी पडला. बघलंय तर काशीराम वाकान उचली होतो. म्हणालो, पेन पडला.” धोंडूने तिच्याकडे बघितलं. “पेन असो वाजता काय गो, बाय?”

३

दीप्ती तेवीस वर्षांची होती. कांजूरला राहायची, आयटीआय करून आलेली. रडून डोळे सुजले होते, पण वही-पेन्सिल टेबलाच्या कडेला अगदी समांतर लावून बसली होती.

“या कामात कशी आलीस?” नलिनीने विचारलं.

“मला चुका दिसतात, मॅडम. लहानपणापासून. मामाच्या लग्नात पत्रिकेवरचा वार चुकलाय हे मी सांगितलं, तर आईने सगळ्यांसमोर चापट मारली. इथे आले तर घाडीकाका म्हणाले, ज्याला चूक दिसते पण त्याचा डंका पिटायची हौस नसते, त्याचीच ही खुर्ची. तोवर मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे.”

हेच वाक्य नलिनीने एकोणिसाव्या वर्षी ऐकलं होतं. तिने चष्मा उगाच पुसला.

“टॅगवरचं अक्षर तुझं आहे.”

“हो.”

“दादा असतानाही तूच लिहायचीस?”

“डिसेंबरपासून. काका दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून मायक्रोमीटर धरायचे, बघायचे, जरा थांबायचे, मग आकडा सांगायचे. मी लिहायची.”

“जरा थांबायचे?”

“हो. म्हणजे… नीट विचार करून सांगायचे.”

“आणि तेरा तारखेचे टॅग?”

दीप्तीने पेन्सिल पुन्हा सरळ केली. “शिक्का मी चोरला नाही. आईची शपथ. मला शिक्का कुठे आहे तेपण माहीत नाही.”

“मग मारला कोणी?”

दीप्तीने वही-पेन्सिल उचलली आणि ती उठली. ती गेल्यावर नलिनीने भिंग काढलं. खोके रिकामे झाल्यावर परत येणारे जुने टॅग कपाटात महिनावार लावलेले होते. गेल्या वर्षीचा एक घेऊन तिने तेरा मार्चच्या टॅगशेजारी ठेवला.

दादांचा कडक नियम होता: आधी मोजायचं, मग लिहायचं, आणि शिक्का सगळ्यात शेवटी, बरोबर तारखेवर, म्हणजे तारीख मागाहून कोणाला बदलता येत नाही. जुन्या टॅगवर तसंच होतं. पेनाची निळी रेघ खाली, जांभळी शाई वर.

तेरा मार्चच्या टॅगवर मात्र जांभळी शाई खाली होती. निळी रेघ तिच्यावरून गेली होती. बाराच्या बारा टॅगांवर तसंच.

म्हणजे शिक्का आधी कोऱ्या टॅगवर मारला होता. तारीख मागाहून पडली होती.

नलिनीने फेब्रुवारीचे टॅग काढले, मग जानेवारीचे, डिसेंबरचे. ती एकेक भिंगाखाली सरकवत गेली. तेव्हा दादा हयात होते, रोज कामावर होते. आणि त्या टॅगांवरही शिक्का खाली होता, तारीख वर.

४

चकाल्याहून मेट्रो पकडून ती घाटकोपरला उतरली आणि रिक्षाने भटवाडीत गेली. सुनंदावहिनींनी दार उघडलं. भिंतीवर दादांचा फोटो होता, त्याला हार घातलेला.

“शिक्का?” वहिनी म्हणाल्या. “मला काय ठाऊक? कारखान्यातच असेल.”

“त्या दिवशी त्यांच्या खिशात काय होतं, वहिनी?”

“मी बघितलं नाही.” वहिनींनी कपाटाकडे बोट केलं. “हॉस्पिटलवाल्यांनी कपडे पिशवीत घालून दिले. मला सोडवेना. आहे तशीच ठेवलीय.”

वरच्या फळीवर पारदर्शक पिशवी होती. तोंडाला प्लास्टिकची पट्टी आवळलेली, एकदा कापल्याशिवाय न निघणारी. पट्टीत अडकवलेल्या चिठ्ठीवर नाव, वय, आणि तारीख: नऊ मार्च.

“मी कापू?”

वहिनींनी तोंड फिरवून होकार दिला. नलिनीने कात्रीने पट्टी कापली. आत घडी घातलेला शर्ट होता. खिशात रुमाल, आणि रुमालात गुंडाळलेला, अंगठ्याएवढा लाकडी दांड्याचा शिक्का. तळाशी जांभळी शाई सुकलेली. उलटा अकरा.

नलिनी खाली बसली. तेरा तारखेला या शिक्क्याला कोणाचा हात लागलाच नव्हता. नऊपासून तो या बंद पिशवीत होता. म्हणजे दीप्तीने शिक्का चोरला नव्हता, कोणीच चोरला नव्हता. टॅगांवरचे शिक्के त्याआधीच मारलेले होते आणि ते मारणारा माणूस एकच असू शकत होता.

कोऱ्या टॅगवर शिक्का मारणं म्हणजे न बघितलेल्या मालाला चांगला म्हणणं. नलिनीने पहिल्याच महिन्यात एकदा ते केलं होतं, काम उरकावं म्हणून. दादांनी तिच्यादेखत ते टॅग फाडले होते आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. त्याच माणसाने तीन महिने तेच करावं?

अर्धा पेला चहा. दुसऱ्याच्या हातचं अक्षर. जेवणाच्या सुट्टीत पडलेलं, पेनासारखं न वाजणारं काहीतरी.

“वहिनी,” ती हळूच म्हणाली, “दादांचा हात कधीपासून थरथरत होता?”

सुनंदावहिनींनी पदर तोंडाशी धरला.

“दिवाळीपासून,” त्या म्हणाल्या. “तुला कोणी सांगितलं?”

५

दुसऱ्या दिवशी शनिवार. तपासणीच्या खोलीत नंदकिशोर, हर्षद, धोंडू आणि दीप्ती बसले होते. नलिनीला चार माणसांसमोर बोलायची भीती वाटायची. तिने नजर टेबलावरच ठेवली.

“शिक्का सापडला. दीप्तीने चोरलेला नाही.” तिने पिशवीचं सांगितलं. “घाडीदादांना कंपवात झाला होता. सकाळी गोळी घेतली की तासभर हात ठरायचा, मग पुन्हा थरथरायचा. थरथरत्या हाताने मारलेला शिक्का फरपटतो, आणि फरपटलेला टॅग आमची कंपनी परत पाठवते. म्हणून ते कोरे टॅग घरी नेत आणि सकाळच्या त्या तासात शिक्के मारून ठेवत. मोजणं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. डिसेंबर ते मार्च, त्यांचा प्रत्येक लॉट लिफ्ट सरकल्यावर आम्ही पुन्हा मोजलाय. एकही पीस खराब नाही.”

“आणि उरलेले टॅग?” नंदकिशोर म्हणाले.

“ड्रॉवरमध्ये होते,” दीप्ती म्हणाली. “हर्षदसर म्हणाले, आज गाडी जायलाच पाहिजे. कुठूनही आण, पण अकरा नंबर आण.”

“ए, मी असं…” हर्षद उठला आणि परत बसला. “म्हणालो असेन यार. डोक्याला ताप होता.”

“पण मी मोजलं, मॅडम! एकेक पिन मोजली. खोटं एक अक्षर लिहिलं नाही.”

“माहीत आहे.” नलिनीने दोन कागद शेजारी ठेवले. एकावर दीप्तीची मापं, दुसऱ्यावर कंपनीची. “मनाला येतील ते आकडे लिहिले असते तर फरक कुठे कमी, कुठे जास्त आला असता. इथे दोनशे चाळीस पिनांना एकच फरक आहे. पॉइंट झिरो थ्री मिलिमीटर. तुझं जास्त, आमचं कमी. प्रत्येक ठिकाणी. न मोजता असं लिहिणं माणसाला जमत नाही. तू कोणता मायक्रोमीटर वापरलास?”

“काकांचा.”

“आण.”

दीप्तीने मखमलीच्या डबीतून तो काढला. बाजूवर वर्षाच्या तपासणीचं लेबल होतं: पुढची तारीख एप्रिल.

“सुरुवात करण्याआधी झिरो बघितलास?”

मायक्रोमीटरची तोंडं मिटवली की आकडा शून्य यायला हवा. कामाला हात लावण्याआधी हे करायचं असतं. अर्धा मिनिटही लागत नाही.

“बाकी सगळ्यांचा बघते, मॅडम,” दीप्ती कशीबशी म्हणाली. “सरांचा, ऑपरेटरचा, माझा स्वतःचा. पण तो काकांचा होता. त्यांचा झिरो बघायचा म्हणजे… त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं नाही का होत?”

गेले दोन दिवस हे हत्यार या कपाटात होतं. प्रत्येक टॅगवर भिंग धरणाऱ्या तिलाही ते उघडून बघावंसं वाटलं नव्हतं. तिने मायक्रोमीटर हातात घेतला. दादांनी शिकवलं होतं तसा, हलका. तोंडं मिटवली. बारीक टिकटिक झाली आणि थांबली.

शून्य नव्हतं. तीन शतांश जास्त.

“जानेवारीत हा त्यांच्या हातून पडला,” ती म्हणाली. “धोंडूदादाने आवाज ऐकला होता. पडलेलं हत्यार त्याच क्षणी बाद हत्यारांच्या लाल पेटीत टाकायचं आणि वहीत लिहायचं, हा नियम या खोलीत त्यांनीच घातला. पण वहीत लिहिलं असतं तर कसं पडलं हेही लिहावं लागलं असतं. म्हणून त्यांनी लिहिलं नाही. दर वेळी आकडा बघायचे, मनात तीन वजा करायचे आणि मग सांगायचे. ते थांबणं हेच होतं, दीप्ती.”

दीप्ती टेबलावर डोकं टेकून रडू लागली. धोंडू उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“मॅडम,” नंदकिशोर घसा खाकरून म्हणाले, “एक सुचवू? माणूस गेलाय. हे हात आणि मायक्रोमीटरचं आपल्यातच ठेवू. पोलिसात मी देत नाही. रिपोर्टात एवढंच लिहा की मुलीने अधिकार नसताना जुने टॅग वापरले. खोटं तर नाही ना ते?”

खोटं नव्हतं. त्याने दादांचं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि वहिनींना दिलेला शब्दही पाळला गेला असता. फक्त तेवीस वर्षांच्या एका मुलीला यापुढे कोणी मायक्रोमीटरला हात लावू दिला नसता.

“रिपोर्ट सोमवारी देते,” नलिनी म्हणाली.

६

रविवारी दुपारी ती भटवाडीत गेली, तेव्हा रिपोर्ट लिहून झाला होता. सगळं होतं त्यात. हर्षदचं मशीन, दोनदा पुढे ढकललेली परीक्षा, दीप्तीने वापरलेले टॅग आणि न बघितलेला झिरो. आणि सगळ्यात वर, कोरे टॅग आणि पडलेला मायक्रोमीटर. त्यापुढे नाव: काशीराम घाडी.

तिने तो वहिनींना वाचून दाखवला. वाचताना दोनदा थांबली.

“मी शब्द दिला होता, वहिनी.”

“दिला होतास.” वहिनींचा आवाज कोरडा होता. “त्या मुलीचं काय होईल?”

“सहा महिने तपासणीतून बाहेर, स्टोअरमध्ये. मग परीक्षा घ्यायची असं मी सुचवलंय. मान्य करतील की नाही, माहीत नाही.”

“आणि हे लिहिलं नसतंस तर?”

“तर कायमचं बाहेर.”

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली कोणीतरी भंगारवाल्याशी वाद घालत होतं.

“यांनी लिहिलं असतं का गं? यांच्या जागी दुसरा कोणी असता तर?”

“दुसरा असता तर लगेच लिहिलं असतं.”

“आणि स्वतःचं?”

नलिनीला खोटं बोलायचं होतं. तिने वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला ते जमलं नाही. “स्वतःचं लिहायची वेळ आली तेव्हा नाही लिहिलं, वहिनी.”

“घाबरले होते,” वहिनी म्हणाल्या. “एकतीस वर्षं दुसऱ्यांची मापं काढली. कोणी आपल्या हाताचं माप काढेल, म्हणून. रात्री म्हणायचे, एप्रिलच्या तपासणीपर्यंत ओढतो, मग सगळं सांगून टाकतो.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “वाच पुन्हा. कोणाकोणाची नावं घातलीस?”

नलिनीने वाचली.

“माझं कुठाय?”

“तुमचं?”

“गोळीची वेळ मी सांभाळायचे. सकाळी टेबल पुसून द्यायचे. शिक्के मारून झाले की टॅग फरशीवर वाळत घालायचे, शाई पसरू नये म्हणून. रोज वाटायचं, हे बरं नाही. एकदाही बोलले नाही. माझं नाव कुठाय?”

“वहिनी, यात घरच्यांचा रकाना नसतो.”

“खाली जागा आहे ना?”

कागदाच्या तळाला चार बोटं जागा होती. नलिनीने बाजूचं पेन उचललं, पण तिच्याने लिहवेना. मग सुनंदावहिनींनीच ते तिच्या हातातून काढून घेतलं, कागद आपल्याकडे ओढला आणि चष्मा न लावताच, एकेक अक्षर सावकाश जोडत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.